इतबायात : फिलिपिन्सचं उत्तर टोक

• कुठे : बातानेस प्रांतातल्या सहा नगरपालिकांपैकी एक. देशाचं उत्तर टोक असलेलं, तैवानपासून सुमारे १४० किमीवरचं, नागरी वस्ती नसलेलं मावुलिस बेट याच हद्दीत येतं.

• क्षेत्रफळ : सुमारे ८३ चौ. किमी. मुख्य बेट प्रांतात सर्वांत मोठं. राजधानी बास्को मात्र शेजारच्या, लहान बातान बेटावर.

• लोकसंख्या : ३,१२८ (जनगणना २०२०). वस्ती पाच बरांगायमध्ये. बरांगाय म्हणजे कारभाराचा सर्वांत लहान घटक. आपल्याकडच्या ग्रामपंचायतीच्या किंवा वॉर्डाच्या जवळचा.

• किनारा : वाळूची चौपाटी जवळपास नाहीच, चहूकडे उभे कडे. बास्कोहून माणसं ‘फालोवा’तून येतात. ही गोलसर तळाची लाकडी होडी. फिलिपिन्समधल्या इतर होड्यांना असते तशी, तोल राखणारी बाजूची उलांडी हिला नसते. लाटेनं होडी वर उचलली की नेमक्या त्या क्षणी धक्क्यावर पाय टाकायचा. सामान हातोहात वर जातं. समुद्र खवळला की ये-जा बंद.

• पारंपरिक घरं : चुनखडीच्या जाड भिंती, गवताचं जाड छप्पर. वादळवाऱ्यात टिकणारी ही बांधणी भूकंपात मात्र धोक्याची ठरते. २७ जुलै २०१९ च्या पहाटेच्या भूकंपांत नऊ जणांचा जीव गेला; एकोणिसाव्या शतकातल्या चर्चचा घंटामनोरा कोसळला.

• भाषा : इतबायातेन, इवातान भाषेची जवळची नातलग.