संगणकाची कोठी सांभाळतांना

१९८१ सालीं नांदेडास श्री गुरु गोविंदसिंगजी यांच्या नांवाचें अभियांत्रिकी महाविद्यालय निघालें. आतां नांदेड-लातुराकडील पुष्कळ घरांतून एखादें तरी मूल संगणकाच्या कामास लागलेलें आढळतें. रात्रीं अकरा वाजतां पानावरून उठून सर्व्हरकडे धांवणाऱ्या अशा मुलाची अडचण घरच्यांस कळावी, एवढाच आमचा हेतु. नातवाशेजारीं बसून आम्हीं हा विषय समजून घेतला, तेव्हां त्यांतील पेंच फार जुना वाटला: नांव आणि वस्तु यांचा संबंध काय?

बहुतेक सर्व्हरांवर लिनक्स ही प्रणाली असते. तिचे सर्व कप्पे ‘रूट’ म्हणजे मुळापासून खालीं फुटतात. गीतेच्या पंधराव्या अध्यायांतील अश्वत्थच म्हणाना! कप्प्यांत मात्र वस्तु नसते. तेथें नांवांची यादी, व प्रत्येक नांवापुढें एक क्रमांक. त्या क्रमांकाच्या नोंदीस ‘आयनोड’ म्हणतात. मालक कोण, अधिकार कोणास, मजकूर डिस्कवर कोठें, हें सारें तींत असतें. नांव तेवढें नसतें. म्हणून एकाच फाईलीस दोन नांवें असूं शकतात; घरांत ‘दादा’ आणि कचेरींत ‘रावसाहेब’ असावे तशीं. ‘आरएम’ या आज्ञेनें पुसलें जातें तें केवळ नांव. शेवटचें नांव जाऊन, ती फाईल उघडून बसलेला एकहि प्रोग्रॅम उरला नाहीं, म्हणजेच जागा मोकळी होते.

आतां निकालाची रात्र घ्या. डिस्क भरते. नवशिका घाईनें ‘लॉग’ ही सर्व्हरची भलीमोठी रोजकीर्द पुसतो. ‘डीयू’ ही आज्ञा सांगते जागा झाली, ‘डीएफ’ सांगते डिस्क भरलेलीच! कारण प्रोग्रॅम ती बिननांवाची वही हातीं धरून लिहीतच असतो. तो बंद करून पुन्हा सुरू केला कीं जागा सुटते. हें ठाऊक नसलेला मुलगा भांबावून आणखी पुसत सुटतो, आणि तेथेंच घात होतो. या पुसण्यास कचऱ्याची टोपली नाहीं.

अधिकार अडला कीं कित्येक जण ‘७७७’ हा आंकडा ठोकून सर्वांस सर्व मुभा देतात. कोठीची किल्ली उंबरठ्यावर टांगण्याचा हा प्रकार आम्हांस मुळींच पसंत नाहीं.

त्याच डिस्कवर काढलेली नक्कल ही राखीव प्रत नव्हे. घराबरोबर घरांतील पेटीहि गाडली जाते, हें ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपांत या भागानें पाहिलें आहे. लातूरची प्रत नांदेडास ठेवावी, आणि महिन्यांतून एकदां तींतील एखादी फाईल परत आणून खरोखर उघडून पाहावी.