बाप गेल्यावर जन्मलेली जुळी

त्र्यंबकेश्वरला नारायण-नागबळी करायला येणाऱ्या घरांची गाऱ्हाणी बहुधा दोनच. घरातला कुणी अकाली गेला, नाहीतर पाळणा हलत नाही. तीन दिवसांच्या या विधीत पिठाचा पुतळा करून त्यावर रीतसर अंत्यसंस्कार होतात. गेलेल्याला वाट मोकळी करून द्यायची आणि उरलेल्यांसाठी संतान मागायचं. तिथून तासाभराच्या आत नाशकात शिरलं की आयव्हीएफ केंद्रांच्या पाट्या दिसू लागतात. ही दोन्ही गाऱ्हाणी एकदमच मिटवण्याची सोय आता या तंत्रात आहे.

पुण्याचा एक तरुण जर्मनीत शिकत असताना 2013 मध्ये त्याला मेंदूचा कर्करोग निघाला. केमोथेरपीने पुढे मूल होण्याची शक्यता जाऊ शकते, म्हणून उपचारांआधी त्याचं वीर्य गोठवून ठेवलं गेलं. अशा नमुन्यांच्या बारीक नळ्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे 196 अंशांवर वर्षानुवर्षं टिकतात. माणूस टिकला नाही. 2016 मध्ये, 27 व्या वर्षी, लग्नाआधीच तो गेला. शिक्षिका असलेल्या आईने नमुना भारतात आणवला, दात्या स्त्रीचं बीज मिळवलं, नात्यातल्याच एका बाईने गर्भ वाढवला आणि फेब्रुवारी 2018 मध्ये पुण्याच्या सह्याद्री रुग्णालयात जुळी जन्मली. नातवाला आजीने आपल्या मुलाचंच नाव ठेवलं.

गंमत अशी, की नमुना ज्या देशात ठेवला होता, त्या जर्मनीत मृत पुरुषाचं वीर्य जाणूनबुजून वापरणं 1990 च्या भ्रूणसंरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

पुण्याच्या या मुलाने निदान आपल्या पश्चात नमुन्याचं काय करायचं ते ठरवायला आई आणि बहिणीची नावं देऊन ठेवली होती. मुंबईत नेमकं उलटं घडलं. 2025 च्या फेब्रुवारीत कर्करोगाने गेलेल्या अविवाहित तरुणाने अर्जात ‘मृत्यूनंतर नमुना नष्ट करावा’ हा पर्याय निवडला होता. घरच्यांना न विचारता निवडला, असं आईचं म्हणणं. मुंबई उच्च न्यायालयाने जूनमध्ये, सुनावणी होईपर्यंत नमुना जपून ठेवा, असा आदेश दिला. दिल्ली उच्च न्यायालयाने त्याआधी, ऑक्टोबर 2024 मध्ये, अशाच एका मुलाचा नमुना आईवडिलांच्या हवाली करायला लावला होता. त्याची संमती दिसत असेल तर आपल्या कायद्यात मनाई नाही, असं न्यायालय म्हणालं.

महाभारतात विचित्रवीर्य निपुत्रिक गेल्यावर सत्यवतीनेही हाच हट्ट धरला होता. सुनांच्या मनाचा विचार तेव्हा कुणी केला नाही. अंबिकेने डोळे मिटून घेतले. आज बीज देणारीची सही घेतात, गर्भ वाढवणारीची घेतात. ज्याचा वंश चालवायचा, त्याच्याच सहीचा अर्थ लावत बसावं लागतं. पंचविशीतला मुलगा वीर्य गोठवतो ते बरं होऊन संसार करायच्या आशेने. त्या आशेतून ‘मी गेलो तरी माझं मूल जन्माला घाला’ असं वाचणं आईला सोपं जातं. तिला दोष कोण देणार? पण ते वाचणं तिचं असतं.

2021 च्या सरोगसी कायद्यात पात्र जोडपं किंवा 35 ते 45 वयाची विधवा वा घटस्फोटिता बसते. आजी कुठेच बसत नाही, त्यामुळे पुण्याची वाट आज तितकी सरळ राहिलेली नाही. एआरटी म्हणजे सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने लेखी संमती सक्तीची केली, हे चांगलंच झालं. ती घेतली जाते ती वेळ मात्र बघा. केमोची तारीख पडलेली, रिपोर्टची फाईल मांडीवर, बाहेर बाकावर आई डबा घेऊन बसलेली. आत तो एका चौकटीत खूण करत असतो.