ताप लपवू नका, नोंदवा

‘अंगात जराशी कसर आहे, उतरेल आपोआप’ हे वाक्य नागावातील माझ्या दवाखान्यात पावसाळाभर ऐकू येते. बहुधा घरातील वडीलधारेच ते उच्चारतात. मुलांना उगाच त्रास नको, हा त्यामागचा हेतू. परंतु लपविलेला ताप एकट्या रुग्णाचा राहत नाही, हे आपल्या शेजारच्या मुंबईने फार मोठी किंमत देऊन शिकले आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. घरांच्या झडत्या होऊ लागल्या, रुग्णांना सक्तीने हलविले जाऊ लागले. त्या धास्तीने कुटुंबे रुग्ण दडवू लागली. नोंदच अपुरी, तेव्हा साथीचा माग लागणार कसा?

पुढे १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाने मेलेला उंदीर कोठे व केव्हा सापडला, याची चिकाटीने नोंद ठेवली. आधी उंदीर मरतात, काही दिवसांनी त्याच वस्तीत माणसे आजारी पडतात, असा क्रम दिसला. उंदरावरील पिसवा हा मधला दुवा प्रयोगांनी सिद्ध झाला. साध्या नोंदींनी रोगाची वाट उघड केली.

आज आपल्या वाड्यांत धोका आहे तो डेंग्यू व लेप्टोस्पायरोसिसचा. डेंग्यूचा एक रुग्ण वेळेवर कळला, तर आरोग्यसेवक आसपासच्या टाक्या, करवंट्या तपासून डासांची पैदास रोखू शकतात.

म्हणून घरी एक वही ठेवा. ताप केव्हा आला, किती होता, लघवी नेहमीसारखी होते का, रुग्ण चिखलात किंवा साचलेल्या पाण्यात उतरला होता का, हे लिहा. वृद्धांमध्ये ताप कधी फारसा चढतच नाही. अन्नावरची वासना जाणे, एकाएकी गोंधळल्यासारखे बोलणे, तोल जाणे हीच पहिली खूण असू शकते. असे दिसताच त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि आशाताईंनाही कळवा. मनाने वेदनाशामक गोळ्या देऊ नका. डेंग्यूत त्यांतील काही रक्तस्राव वाढवितात.

आजी-आजोबांनो, तुमचा ताप सांगणे म्हणजे मुलांना त्रास देणे नव्हे. त्या एका नोंदीने कदाचित शेजारचे नातवंड वाचेल.