व्हिज्युअल डिझायनरची मुलाखत: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मोठ्या तंत्रज्ञान कंपनीत व्हिज्युअल डिझायनर व्हायचं तर पोर्टफोलिओ डोळे दिपवणारा हवा, बाकीचं आपोआप होतं, असा समज घट्ट रुजलेला आहे. काम कच्चं असेल तर रिक्रूटरचा फोनच येत नाही, एवढ्यापुरता तो खराही आहे. फोन आल्यानंतर मात्र निवड वेगळ्याच गोष्टीवर ठरते. गूगलचं उदाहरण सोयीचं आहे, कारण तिथल्या नोकरभरतीविषयी आतल्याच माणसांनी बरंच उघड सांगितलं आहे. मनुष्यबळ विभागाचे माजी प्रमुख लॅझ्लो बॉक यांच्या ‘वर्क रूल्स!’ (२०१५) या पुस्तकात ती पद्धत येते. मुलाखत घेणारे स्वतः निवड करत नाहीत. प्रत्येक जण आपला अभिप्राय लिहून देतो आणि ते कागद वाचून एक समिती मत बनवते. समितीतल्या लोकांनी उमेदवाराला बहुधा पाहिलेलंही नसतं. म्हणजे तासाभराच्या सादरीकरणातलं जे टिपणात उतरलं, तेच पुढे जातं. ‘रंगसंगती छान’ या शेऱ्यावर समितीला काही ठरवता येत नाही. ‘हा निळा का, दुसरा का नाही, हे उमेदवाराने वाचनीयतेच्या अंगाने पटवून दिलं’ या वाक्यावर येतं.

यावर नेहमीचा आक्षेप असा की मग बोलघेवडे जिंकणार आणि ज्यांचा हात खरा चालतो ते मागे पडणार. आक्षेप वजनदार आहे. पण ही भीती खरी ठरते ती मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीत, जिथे छाप पडली की गुण पडतात. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये निवडपद्धतींवरच्या जुन्या संशोधनाची फेरतपासणी केली. ठरावीक प्रश्न आणि ठरावीक निकष असलेल्या मुलाखतीचा पुढच्या कामगिरीशी असलेला सहसंबंध ०.४२ निघाला, तर मोकळ्या मुलाखतीचा ०.१९. ०.४२ हाही काही ब्रह्मवाक्य म्हणावा असा आकडा नाही, पण तपासलेल्या पद्धतींमध्ये तोच सर्वांत वरचा होता. निकष आधी लिहिलेले असले की गोड बोलण्याला भाव कमी मिळतो. ज्याच्या इंग्रजीला सफाई नाही, पण ज्याला आपल्या निर्णयाचं कारण नेमकं सांगता येतं, त्याला अशा मुलाखतीत उलट आधार असतो.

कारण म्हणजे तरी काय? समजा, उमेदवारापुढे एखादं ॲप ठेवून त्यावर टीका करायला सांगितलं. ‘जरा गजबजलेलं वाटतं’ हे मत झालं. ‘पांढऱ्यावरच्या फिकट राखाडी अक्षरांचं कॉन्ट्रास्ट ४.५:१ च्या खाली आहे, साध्या मजकुरासाठी सुगम्यतेचे निकष किमान तेवढं मागतात’ हे कारण झालं. मराठी वाचणाऱ्याला तर आणखी एक कारण घरचंच मिळतं. इंग्रजीवर बेतलेल्या बटणात देवनागरी मजकूर घातला की शिरोरेषेवरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात. गूगलच्या मटेरियल डिझाइन या दृश्यभाषेने (२०१४) हिंदी, तेलुगू, अरबी, थाई यांच्या लिप्यांना ओळींची जास्त उंची लागते असं गृहीत धरून त्यांचा वेगळा गट केला होता. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ हा देवनागरी फॉन्ट आज गूगल फॉन्ट्सवर आहे. तो आणि त्याच्या जोडीचं रोमन अक्षर एका ओळीत कसं बसतं, हे निरखून सांगणारा उमेदवार चारचौघांपेक्षा वेगळं काही सांगतो. हे ज्ञान कुठल्या वशिल्याने मिळत नाही.

दुसरा समज याच्या अगदी उलट टोकाचा आहे: अशा कंपन्यांत सगळं आकडेच ठरवतात, नजरेला किंमत नाही. याला पुरावा म्हणून डग्लस बोमन यांचं नाव येतं. गूगलमधले हे पहिले व्हिज्युअल डिझायनर मार्च २००९ मध्ये बाहेर पडले. निळ्याच्या ४१ छटांची चाचणी आणि चौकटीची कड ३, ४ की ५ पिक्सेल यावरची घासाघीस, याला आपण कंटाळलो असं त्यांनी जाहीर लिहिलं. गोष्ट खरी, तक्रारही रास्त. पण ४१ पर्यायांतून एक निवडणारी चाचणी बेचाळिसावा पर्याय सुचवू शकत नाही. मांडणीच मुळात चुकली असेल तर तेही तिला कळत नाही. ते काम नजरेचंच. शिवाय तो काळ मागे पडला; पाच वर्षांनी त्याच कंपनीने मटेरियल डिझाइन ही अख्खी दृश्यभाषा जाहीर केली, आणि ती नुसत्या चाचण्यांतून उगवलेली नाही. मुलाखतीत म्हणून दोन्ही लागतं: आपली नजर काय म्हणते, आणि ती चुकली तर कशावरून कळेल.

पदवीबद्दलचा समज थोडक्यात आटोपतो. मुंबईचं जे. जे. कला महाविद्यालय किंवा पवईच्या आयआयटीतली डिझाइनची संस्था आयडीसी (स्थापना १९६९) यांचा शिक्का दार उघडायला मदत करतो, यात वाद नाही. पण आयकॉन डिझायनर सुझन केअर १९८३ च्या सुरुवातीला ॲपलमध्ये गेल्या तेव्हा त्यांची डॉक्टरेट ललित कलेतली होती आणि संगणकाचा अनुभव जवळजवळ शून्य. चौकटींच्या वहीत त्यांनी आयकॉन रेखाटून पाहिले आणि मुलाखतीला जाताना मुद्राक्षरांवरची पुस्तकं सोबत नेली. बत्तीस बाय बत्तीस ठिपक्यांत चित्र बसवायचं तर काय टाकायचं, काय ठेवायचं, याचा विचार त्या वहीत दिसत होता. मुलाखतीत विचारल्या जाणाऱ्या कोड्यांची भीतीही आता जुनी: असे प्रश्न म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय, असं बॉक यांनी २०१३ मध्येच सांगून टाकलं.

उरला नकार. तो कौशल्यावरचा निकाल मानण्याची घाई होते, पण अशा कंपन्या चुकीचा माणूस आत घेण्यापेक्षा चांगला माणूस हुकलेला परवडला, असा हिशेब ठेवतात. त्यामुळे योग्य उमेदवारही परत जातात. त्यातले काही पुढच्या खेपेला निवडलेही जातात. तयारी करताना मग नवे पोस्टर रंगवण्यापेक्षा जुन्याच दोन प्रकल्पांतले टाकून दिलेले पर्याय शोधून काढावेत आणि प्रत्येकापुढे तो का टाकला, हे एका ओळीत लिहावं. मुलाखत घेणाऱ्याला टिपणात उतरवायला तीच ओळ लागते.