हरभऱ्याचं बी आधी भिजवा, मग पेरा

कोरडवाहू हरभरा जमिनीत उरलेल्या ओलीवरच येतो. ओल रोज खाली जाते. बी उगवायला उशीर झाला की रोपं विरळ होतात, आणि दुबार पेरणीचा खर्च आपल्याच घरातून जातो. म्हणून आम्ही बी भिजवून पेरतो.

रात्री जेवणं झाली की बी साध्या पाण्यात भिजत घालायचं. ८ तासांनी उपसून सावलीत गोणपाटावर पसरायचं. वरचं पाणी सुकलं की त्याच दिवशी पेरायचं. मोड येऊ द्यायचे नाहीत. पेरताना ते तुटतात.

यानं होतं काय? मातीत पडलेलं बी आधी पाणी पितं, मगच रुजतं. ते पाणी आपण घरीच पाजलेलं असतं. त्यामुळे उगवण लवकर आणि एकसारखी होते, फुलोरा लवकर येतो, ओल संपायच्या आत घाटे भरतात. उतारा वाढतो तो इथंच.

रंगीत औषध लावलेलं विकतचं बी मात्र भिजवू नका. ट्रायकोडर्मा, रायझोबियम लावायचं ते बी सुकवल्यावर. आणि जमिनीत ओलच नसेल, तर नुसतं भिजवून भागत नाही.

यंदा चार तासं भिजवलेल्या बियाची, चार कोरड्या बियाची पेरा. रोपं मोजा, मळणीला दाणे मोजा, आणि गटाच्या बैठकीत सांगा.