नागपूरच्या अनसूयाबाई काळे



परवा आठवीच्या वर्गात आम्ही विचारले, भोपाळच्या आधी आपली राजधानी कोणती होती? वर्ग गप्प. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपला बालाघाट जिल्हा नागपूरच्या कारभारात होता. त्याच नागपूरच्या एका बाईंविषयी आज सांगावयाचे आहे.

अनसूयाबाई काळे यांचा जन्म १८९६ चा. १९२८ साली सरकारने त्यांना मध्यप्रांताच्या कौन्सिलवर नेमले. त्या काळी बाईमाणसाला केवढा हा मान! पण १९३० मध्ये गांधीजींचा सत्याग्रह सुरू होताच त्यांनी तो सोडला. सरकारने दिलेली खुर्ची आणि लोकांनी दिलेली खुर्ची यांतला फरक त्यांना ठाऊक होता.

लोकांनी दिलेली खुर्ची सात वर्षांनी मिळाली. १९३७ च्या निवडणुकीत मध्यप्रांत-वऱ्हाडच्या ११२ जागांपैकी स्त्रियांसाठी अवघ्या तीन राखीव होत्या आणि मत देण्याचा हक्कही मालमत्ता किंवा शिक्षण असलेल्या थोड्याच लोकांना होता. अनसूयाबाई निवडून आल्या आणि विधानसभेच्या उपाध्यक्ष झाल्या. अध्यक्ष होते दुर्गचे घनश्यामसिंह गुप्त. पुढे संविधानाचा हिंदी अनुवाद करणाऱ्या समितीचे प्रमुख तेच. आमचे सर्व शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, म्हणून आणखी एक नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. जबलपूरच्या कवयित्री सुभद्राकुमारी चौहान याच सभागृहात होत्या. १९४८ साली नागपूरहून परतताना आपल्या शेजारच्या सिवनीजवळ मोटार अपघातात त्या गेल्या.

ऑगस्ट १९४२ मध्ये चिमूर आणि आष्टी येथे जनतेचा उद्रेक झाला, काही सरकारी अधिकारी मारले गेले आणि पुष्कळांना फाशीची शिक्षा झाली. त्यांना फासावरून वाचविण्यासाठी अनसूयाबाई झटल्या. आमच्या मते त्यांच्या सर्व पदांपेक्षा हे काम मोठे. पुढे त्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्षाही झाल्या.

मग आली १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक. आता मालमत्ता नको, शिक्षण नको, एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला मत. स्पेनमध्ये १९३१ साली क्लारा कांपोआमोर निवडून आल्या तेव्हा त्या देशात स्त्रिया उभ्या राहू शकत, पण मत देऊ शकत नसत. तो हक्क त्यांनी संसदेत भांडून मिळविला. आपल्याकडे संविधानाने तो सर्वांना एकदम दिला. तरी एक अडचण निघालीच. यादी करणाऱ्यांना पुष्कळ बाया स्वतःचे नाव सांगेनात. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेच! सुमारे आठ कोटी स्त्री मतदारांपैकी जवळजवळ अठ्ठावीस लाख नावे अशाने गळली, आणि ती ज्या राज्यांत जास्त गळली त्यांत आपला तेव्हाचा मध्यप्रदेशही होता. त्याच निवडणुकीत अनसूयाबाई नागपुरातून लोकसभेवर गेल्या. १९५७ मध्ये पुन्हा निवडून आल्या आणि १९५८ मध्ये त्यांचे निधन झाले.

आम्ही लहान असताना गुरुजींनी आजीचे नाव विचारले होते. आम्हांला सांगता आले नाही. घरी येऊन विचारले तर आजी नुसती हसली. नाव शेवटी आत्याने सांगितले.

सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी आपल्या पणजीचे स्वतःचे नाव, माहेरचे गाव आणि तिने पहिले मत कधी दिले ते घरी विचारून सोमवारी वहीत लिहून आणावे. पालकांनी मदत करावी.