तीन मिनिटांसाठी दीड तास : डिस्ने वर्ल्डमधील रांगेचा हिशेब

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलांकडे जाणारे आईवडील आणि सुटीत सहकुटुंब पर्यटनास निघालेली मंडळी यांच्या प्रवासाच्या यादीत न्यूयॉर्क आणि नायगारा यांच्या जोडीने आणखी एक नाव बहुधा असतेच. ते म्हणजे फ्लोरिडा राज्यातील ऑर्लँडो शहराजवळचे वॉल्ट डिस्ने वर्ल्ड. १ ऑक्टोबर १९७१ रोजी खुले झालेले हे संकुल सुमारे शंभर चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरले आहे. मॅजिक किंग्डम (१९७१), एपकॉट (१९८२), आज हॉलिवूड स्टुडिओज या नावाने ओळखले जाणारे चित्रपट-उद्यान (१९८९) आणि अ‍ॅनिमल किंग्डम (१९९८) अशी चार स्वतंत्र उद्याने त्यात आहेत. याखेरीज जलोद्याने आणि हॉटेले आहेत ती वेगळीच.

बहुतेक भारतीय कुटुंबांच्या बाबतीत ही सहल आयुष्यात एकदाच घडते. तिच्यासाठी काही वर्षे पैसे बाजूला टाकलेले असतात, रजा जमवलेली असते आणि नातवंडांना शब्द दिलेला असतो. असे असूनही परतलेली अनेक मंडळी एकच गोष्ट सांगतात : दिवस रांगेत गेला आणि ज्यासाठी गेला ते तीन मिनिटांत संपले. ज्यांचा सर्वत्र बोलबाला आहे अशी काही आकर्षणे प्रत्यक्षात अपेक्षेला का उतरत नाहीत, याचे उत्तर आवडीनिवडीत थोडे आणि हिशेबात अधिक आहे. तो हिशेब समजून घेणे, हा या लेखाचा हेतू आहे.

कुपनांचा काळ

डिस्ने वर्ल्डच्या आरंभीच्या काळात प्रवेशमूल्य अल्प होते आणि आतील प्रत्येक सफरीसाठी स्वतंत्र कुपन द्यावे लागे. ए, बी, सी, डी आणि ई अशा पाच प्रतींची कुपने एका पुस्तिकेत बांधलेली असत. ए प्रतीचे कुपन साध्या गमतीसाठी, तर ई प्रतीचे सर्वात भव्य सफरींसाठी. ‘ई तिकीट’ हा शब्दप्रयोग अमेरिकी इंग्रजीत ‘अव्वल दर्जाचे’ या अर्थाने रूढ झाला, तो या पद्धतीमुळेच. कोणती वस्तू किती मोलाची, हे पाहुण्याला कुपनावरूनच कळत असे. शिवाय ई प्रतीची कुपने मोजकीच असल्याने ती जपून वापरली जात.

१९८० च्या दशकाच्या आरंभी ही पद्धत बंद झाली आणि एका तिकिटात सर्व काही खुले झाले. सोय वाढली हे खरे. परंतु निरनिराळ्या सफरींच्या किमतीतील फरक मात्र पुसला गेला. अर्थशास्त्राचा साधा नियम असा, की एखाद्या वस्तूची किंमत पैशात घेतली नाही, तर ती अन्य कोणत्या तरी रूपाने द्यावीच लागते. येथे ती वेळेच्या रूपाने दिली जाते. म्हणजेच तिकीट प्रवेशद्वाराशी एकदा काढले जाते आणि त्यानंतर प्रत्येक रांगेत पुन्हा एकदा त्याची भरपाई होत राहते.

रांग नेमके काय सांगते?

लांब रांग पाहिली, की आत काही तरी विशेष असणार असा आपला समज होतो. हा समज तपासून पाहण्यासारखा आहे. रांगेची लांबी दोन गोष्टींवर ठरते : किती जणांना आत जायचे आहे आणि तासाभरात किती जणांना आत घेता येते. समजा, दोन सफरींपुढे प्रत्येकी एक हजार माणसे उभी आहेत. पहिलीत तासाला एक हजार, तर दुसरीत अडीच हजार माणसे सामावतात. पहिल्या रांगेतील शेवटच्या माणसाला एक तास थांबावे लागेल, तर दुसऱ्या रांगेतील शेवटच्या माणसाचा क्रमांक २४ मिनिटांत येईल. दोन्ही सफरींची लोकप्रियता सारखीच. फरक आहे तो केवळ क्षमतेचा.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे मॅजिक किंग्डममधील ‘डम्बो’ या उडत्या हत्तींचा पाळणा. आपल्याकडील जत्रेतील गोल पाळण्याचेच हे देखणे रूप असून त्याची फेरी सुमारे दीड मिनिटाची असते. वर्षानुवर्षे त्यापुढे लहान मुलांच्या पालकांची मोठी रांग लागे. २०१२ साली हा पाळणा नव्या जागी हलवून त्याला शेजारी दुसरा जोड देण्यात आला. हत्ती १६ चे ३२ झाले आणि रांग आटोक्यात आली. पाळणा पूर्वीइतकाच चांगला राहिला, मुलांची आवडही घटली नाही. बदलली ती केवळ क्षमता.

नाव मोठे, मिनिटे थोडी

ही दृष्टी ठेवून पाहिले, की अनेक नामवंत आकर्षणांचे खरे स्वरूप ध्यानात येते. मॅजिक किंग्डममधील ‘पीटर पॅन्स फ्लाइट’ ही १९७१ पासूनची सफर. छताला टांगलेल्या लहानशा जहाजात बसून रात्रीच्या लंडनवरून आपण तरंगत जातो. कल्पना रम्य आहे. परंतु एका जहाजात दोन-तीन माणसेच मावतात आणि फेरी सुमारे तीन मिनिटांत आटोपते. गर्दीच्या दिवशी त्यासाठी तासाहून अधिक काळ थांबावे लागणे नित्याचे आहे. त्याच उद्यानातील ‘हाँटेड मॅन्शन’ या भुताच्या वाड्यात मात्र आसनांची साखळी अखंड फिरत असते. त्यामुळे रांग वेगाने पुढे सरकते आणि सफरही सुमारे आठ मिनिटे चालते.

२०१४ साली सुरू झालेली ‘सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन’ ही सात बुटक्यांच्या खाणीतील गाडी कुटुंबासाठी आखलेली सौम्य रोलर कोस्टर आहे. तिची सजावट मनोहर आहे, हे कबूल केले पाहिजे. परंतु तीही तीनेक मिनिटांचीच असून, थरार शोधणाऱ्या तरुणांना ती फारच मवाळ वाटते. शिवाय ३८ इंचांहून कमी उंचीच्या बालकांना तिच्यात प्रवेश नाही. अ‍ॅनिमल किंग्डममधील ‘नावी रिव्हर जर्नी’ या २०१७ सालच्या नौकासफरीत ‘अवतार’ या चित्रपटातील प्रकाशमान अरण्याचा देखावा साकारला आहे. देखावा अप्रतिम आहे. परंतु कथानक असे काही नाही आणि नौका पाचेक मिनिटांत धक्क्याला लागते. वीस मिनिटांची रांग असेल तर जरूर जावे. दीड तासाची असेल तर पुन्हा विचार करावा.

अ‍ॅनिमल किंग्डममध्येच २००६ साली उभारलेली ‘एक्स्पिडिशन एव्हरेस्ट’ ही रोलर कोस्टर आहे. तिच्या शेवटी प्रवाशांवर झेप घेणारा महाकाय यांत्रिक यती हे तिचे मुख्य आकर्षण ठरावे अशी योजना होती. तथापि सफर सुरू झाल्यानंतर काही काळातच त्याची हालचाल थांबली आणि लुकलुकत्या दिव्यांच्या साहाय्याने त्याच्या हालचालीचा केवळ आभास निर्माण करण्यात येऊ लागला. सफर म्हणून ती आजही उत्तम आहे. यतीच्या ख्यातीवर विसंबून जाणाऱ्यांची मात्र निराशा होते.

मॅजिक किंग्डममधील सिंड्रेलाच्या किल्ल्यातील भोजन हाही असाच एक अनुभव. १८९ फूट उंचीच्या त्या किल्ल्यात राजकन्यांच्या सहवासात जेवण्यासाठी साठ दिवस आधीपासून आरक्षण करता येते आणि पैसेही आगाऊ भरावे लागतात. ज्या घरात पाच-सहा वर्षांची मुलगी आहे, तेथे या खर्चाचे सार्थक होईलही. प्रौढांना मात्र तेथे अन्नापेक्षा जागेचेच मोल अधिक मोजावे लागते.

भारतीय डोळ्यांनी पाहता

कोणत्या आकर्षणाला किती मोल द्यावे, हे पाहणाऱ्याच्या पूर्वानुभवावरही अवलंबून असते. अ‍ॅनिमल किंग्डमच्या आशिया विभागात ‘आनंदपूर’ नावाचे एक काल्पनिक राज्य वसवले असून ‘महाराजा जंगल ट्रेक’ या पायवाटेवर जुन्या राजवाड्याच्या अवशेषांत वाघ पाहावयास मिळतात. काम बारकाईने केलेले आहे. तरीही ज्यांनी ताडोबा वा रणथंबोर येथे मोकळ्या रानातील वाघ पाहिला आहे, त्यांना त्याची अपूर्वाई तेवढी वाटणार नाही. याउलट ‘किलिमांजारो सफारी’ या सुमारे वीस मिनिटांच्या सफरीत जिराफ, पाणघोडे आणि आफ्रिकी हत्ती मोकळ्या माळावर दिसतात. हे दृश्य आपल्याला घराजवळ लाभणारे नाही. सकाळच्या गारव्यात प्राणी अधिक हिंडतात, म्हणून तेथे लवकर जाणे श्रेयस्कर.

एपकॉटमध्ये तळ्याभोवती अकरा देशांची दालने आहेत. त्यांत भारत नाही, हे जाणून अनेकांना आश्चर्य वाटते. हा संपूर्ण फेरा सुमारे दोन किलोमीटरचा आहे. ज्येष्ठांसोबत जाणाऱ्यांनी हे अंतर आणि फ्लोरिडातील ऊन या दोहोंचा विचार आधीच करावा.

गर्दीबाहेरचे धन

ज्यांच्याविषयी फारसे बोलले जात नाही, अशा काही गोष्टी वेळेच्या हिशेबाने अत्यंत किफायतशीर आहेत. मॅजिक किंग्डममध्ये १९७५ पासून चालणारी ‘पीपलमूव्हर’ ही उंचावरील संथ गाडी सुमारे दहा मिनिटे फिरवून आणते. थकलेल्या पायांना विसावा मिळतो आणि उद्यानाचे विहंगम दर्शनही घडते. एपकॉटमधील ‘लिव्हिंग विथ द लँड’ ही सुमारे चौदा मिनिटांची नौकासफर काचगृहांतून जाते. मातीविना वाढणारी पिके आणि टांगत्या वेलींवरील भाज्या तेथे पाहता येतात. शेतीशी नाते असलेल्या आपल्या ज्येष्ठांना ती विशेष भावते.

रात्रीच्या आतषबाजीसाठी किल्ल्यासमोर काही जण दोन-दोन तास आधी जागा धरून बसतात. वस्तुतः तळ्यापलीकडील पॉलिनेशियन हॉटेलच्या वाळूच्या किनाऱ्यावरूनही ती दिसते आणि तिचे संगीतही ऐकू येते. किल्ल्याच्या भिंतींवर उमटणारी चित्रे तेथून नीट दिसत नाहीत, एवढीच उणीव. उद्यानाबाहेर अ‍ॅनिमल किंग्डम लॉजमधील ‘सना’ या उपाहारगृहात आफ्रिकी पाककलेला भारतीय चवीची जोड दिली आहे. तेथील नान आणि चटण्यांचे ताट प्रसिद्ध असून खिडकीतून चरणारे प्राणी दिसतात. त्यासाठी उद्यानाचे तिकीट लागत नाही.

पैसे देऊन रांग टाळावी का?

१९९९ साली डिस्नेने ‘फास्टपास’ ही विनामूल्य सोय आणली होती. ठरलेल्या वेळी यावे आणि छोट्या रांगेतून आत जावे, अशी ती व्यवस्था होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिची जागा सशुल्क योजनेने घेतली आणि २०२४ पासून ती ‘लाइटनिंग लेन’ या नावाने मिळते. तिचा दर उद्यान आणि तारीख यांनुसार बदलतो. ती घ्यावी की नाही, हे ठरवण्यासाठी एक सोपे गणित मांडता येते.

समजा, चौघांच्या कुटुंबाचे एका दिवसाचे तिकीट प्रत्येकी १५० डॉलर पडले. एकूण ६०० डॉलर झाले. उद्यानात बारा तास घालवले, तर प्रत्येक तासाचे मोल ५० डॉलर होते. दीड तासाच्या एका रांगेचे ७५ डॉलर झाले. त्यात विमानभाडे आणि हॉटेलचा खर्च धरलेलाच नाही. ही रक्कम त्या दिवशीच्या विनिमय दराने गुणून पाहावी. तीन मिनिटांच्या सफरीला ती देण्याची आपली तयारी आहे काय, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाने स्वतःस विचारावा. सशुल्क सोयीने दिवसात तीन-चार तास वाचत असतील, तर तिची किंमत वसूल होते. गर्दी तुरळक असेल, तर ती घेण्याचे कारण नाही.

मुख्य म्हणजे, एक तास उभे राहिलो म्हणून आणखी एक तास उभे राहिलेच पाहिजे, हा आग्रह सोडावा. गेलेला तास कोणत्याही उपायाने परत मिळत नाही. निर्णय घ्यायचा तो पुढच्या तासाचा.

निघण्यापूर्वी

तिकिटांचे दर तारखेनुसार बदलत असल्याने नाताळ, अमेरिकी शाळांची वसंतातील सुटी आणि जून-जुलै हा काळ शक्यतो टाळावा. उन्हाळ्यात दुपारी गडगडाटी पाऊस येतो आणि विजा चमकू लागताच उघड्यावरील सफरी थांबवल्या जातात. म्हणून सर्वात हव्या असलेल्या दोन सफरी उद्यान उघडताच उरकाव्यात. तीन वर्षांखालील बालकांना तिकीट लागत नाही. लहान मुलामुळे आईवडिलांना आळीपाळीने जावे लागत असेल, तर दुसऱ्या पालकास पुन्हा पूर्ण रांग लावावी लागणार नाही, अशी सोय अनेक सफरींवर आहे. ती अवश्य मागून घ्यावी.

खर्चासाठी परकीय चलनाचे प्रीपेड कार्ड सोयीचे ठरते. तेथील दुकानात कार्डाचे यंत्र रुपये की डॉलर असे विचारील, तेव्हा डॉलरची निवड करावी; रुपयांत आकारणी केल्यास विनिमय दर बहुधा महाग पडतो. परदेशी सहलींच्या पॅकेजवर उगमस्थानी गोळा केला जाणारा कर आपल्या आयकर विवरणपत्रात समायोजित करता येतो. त्याचे दर वेळोवेळी बदलतात, म्हणून आरक्षणापूर्वी शाखेत चौकशी करणे इष्ट.

अखेरीस, सहलीची यादी घरातल्या प्रत्येकाने मिळून करावी आणि प्रत्येकाला एकच ‘ई कुपन’ द्यावे. आजोबांनी ते सफारीसाठी वापरावे, नातीने किल्ल्यातील राजकन्येसाठी. तिच्या कुपनाची रांग दीड तासाची निघाली, तरी तक्रार न करता सर्वांनी तिच्यासोबत उभे राहावे. उरलेल्या दिवसात मात्र जेथे रांग छोटी, तेथे आनंद घ्यावा.